डिझेलची वाट

मृग बरसला. मग दोन दिवस उघडीप मिळाली. रानाला वाफसा आला. सगळ्या शिवारात घाई उडाली. आणि आपला जुना ट्रॅक्टर बांधावर उभा आहे. सेल्फ मारला की नुसता घुर्र घुर्र करतो. चालू होत नाही.

अशा वेळी काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. मालक सेल्फ मारत राहतो. बॅटरी उतरते. मग चार माणसे ट्रॅक्टर ढकलतात. जमलेले लोक सल्ले देतात. एक म्हणतो, "पंप गेला." दुसरा म्हणतो, "नोझल गेलं." तिसरा म्हणतो, "इंजिनच बसलं म्हणायचं आता." तोवर रान वाळू लागते. वाफसा काही थांबून राहत नाही.

आम्ही मिस्त्री नाही. आम्ही शाळेत मुलांना शिकवले. पण आमच्या घरी शेती आहे, आणि एक जुना ट्रॅक्टरही आहे. गावातल्या मिस्त्री लोकांजवळ बसून, त्यांचे हात पाहून आणि पुस्तके वाचून जे कळले, ते येथे देत आहोत. त्यात मुख्य गोष्ट एकच आहे. जुना ट्रॅक्टर अडला तर पुष्कळ वेळा पंप बिघडलेला नसतो. पंपापर्यंत चांगले डिझेलच पोचलेले नसते. ते वाटेत अडते. नाही तर वाटेत त्याच्यात हवा, पाणी किंवा घाण मिसळते. ही वाट आपली आपल्याला तपासता येते. त्याला दोन-चार पान्हे, एक स्वच्छ भांडे आणि एक स्वच्छ फडके पुरते.

शेताला पाणी आले नाही तर आपण शेत खणत बसतो का? नाही. आपण पाटाच्या कडेने चालत जातो. कोठे पाट फुटला आहे, कोठे गवत अडकले आहे, कोठे कोणी दार लावले आहे, ते पाहतो. ट्रॅक्टरचेही तसेच करायचे. टाकीपासून निघायचे आणि डिझेलच्या वाटेने इंजिनापर्यंत यायचे. मधली एकही जागा सोडायची नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा धडा जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरांसाठी आहे. अलीकडच्या काही मोठ्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल नावाची पद्धत आली आहे. तिला संगणक असतो. तिच्या नळ्यांत दाब कितीतरी पट जास्त असतो. तिथला नट ढिला केला तर जिवावर बेतते. असा ट्रॅक्टर असेल तर पान्हा बाजूला ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

डिझेल पेटते कसे?

मोटारसायकलीला प्लग असतो. प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. मग डिझेल पेटते कसे?

सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते. इंजिनाचा दट्ट्या हवेला दाबून तिची जागा सोळा-सतरा पट लहान करतो. ती हवा ५०० अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते. फवारा लागलाच की पेटला. ही युक्ती रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअराने काढली. त्याचे इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या औग्सबुर्ग गावी नीट चालले. इंजिनाला त्याचेच नाव पडले. पुढे तेलालाही तेच नाव मिळाले.

फवारा किती बारीक पाहिजे? धुक्यासारखा. थेंब पडून चालत नाही. म्हणून नोझलच्या आत एक सुई असते. कडक स्प्रिंग तिला दाबून धरते. पंपाने मागून जोराचा दाब दिला तरच सुई उचलते आणि फवारा सुटतो. जुन्या ट्रॅक्टरांत हा दाब दर चौरस इंचाला साधारण अडीच हजार पौंड असतो. ट्रॅक्टरप्रमाणे आकडा कमी-जास्त होतो. शेतात चालताना आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवा असते बारा-पंधरा पौंड. त्यावरून अंदाज करा.

आता नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला असे समजा. डिझेल दाबले तर दबत नाही. ते पुढे सरकते. हवा मात्र दबते, फुग्यासारखी. पंप ढकलतो, बुडबुडा आकसतो. पंप मागे येतो, बुडबुडा पुन्हा फुगतो. सुई जागची हलत नाही. पंप चांगला, नोझल चांगले, टाकी भरलेली, आणि तरी ट्रॅक्टर बंद! आपल्याकडे याला "ट्रॅक्टरने एअर धरली" असे म्हणतात. ते बरोबरच आहे.

वाट कोठून कोठे जाते?

हा भाग ट्रॅक्टरजवळ उभे राहून वाचा. टाकीखालची नळी बोटाने धरा आणि निघा.

टाकीच्या बुडाशी एक कॉक असतो. तेथून नळी निघते. पुढे पुष्कळ ट्रॅक्टरांना काचेची एक वाटी असते. डिझेलमधले पाणी आणि गाळ तिच्यात बसतो. मग येतो फीड पंप. हा लहान पंप. तो टाकीतले डिझेल ओढून पुढे ढकलतो. त्याला हाताने मारायची एक दांडी किंवा मूठ असते. तिला हातपंप म्हणू. त्यानंतर फिल्टर. ते बहुधा दोन असतात, शेजारी शेजारी. त्यांच्यातून गाळलेले डिझेल मोठ्या पंपात जाते. मोठ्या पंपातून लोखंडाच्या जाड नळ्या निघतात. इंजिनाला जेवढे सिलिंडर तेवढ्या नळ्या. प्रत्येक नळी एका नोझलला जाते. नोझलमधून उरलेले थोडे डिझेल बारीक नळीने परत येते.

या वाटेचे दोन भाग आहेत. टाकीपासून मोठ्या पंपापर्यंतचा भाग हलक्या दाबाचा. मोठ्या पंपापासून नोझलपर्यंतचा भाग भारी दाबाचा. पहिला भाग आपला. दुसऱ्या भागात फार जपून, आणि थोडेच.

पान्हा हातात घेण्याआधी

टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या ट्रॅक्टरचा काटा खोटे बोलतो. स्वच्छ काठी घालून पाहा. ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर डिझेल एका बाजूला जाते आणि तोंड उघडे पडते.

कॉक उघडा आहे का? बंद करायची खेच पूर्ण आत ढकललेली आहे का? हसू नका. ती खेच अर्धी बाहेर राहिल्यामुळे दिवसभर खोळंबलेले लोक आम्ही पाहिले आहेत. खेच आत गेली तरी तिची तार पंपाजवळ अडकलेली असू शकते. म्हणून पंपापाशी जाऊन पाहा. तिथला दांडा हलतो का?

मग सेल्फ मारा. दहा-पंधरा सेकंद मारा आणि सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा. सलग मारत राहिलात तर सेल्फ जळेल. सेल्फ मारताना एका माणसाला धूर पाहायला उभा करा.

धुरावरून पुष्कळ कळते. सेल्फ मारताना धूर अजिबात निघत नाही? म्हणजे डिझेल इंजिनात पोचतच नाही. वाट तपासायला लागा. पांढरा धूर निघतो, पण इंजिन पेटत नाही? म्हणजे डिझेल पोचते, पण जळत नाही. थंडी असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, नाही तर इंजिनाची दाबण्याची ताकद कमी झाली असेल. चालू ट्रॅक्टर ओझ्याखाली काळा धूर ओकतो? म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी हवेची गाळणी पाहा. तिच्यात धूळ बसून ती तुंबली असेल. गाळणी साफ करूनही काळा धूर राहिला तर नोझलचा संशय घ्या. निळा धूर निघाला तर इंजिनात ऑइल जळते आहे. त्याचा डिझेलच्या वाटेशी संबंध नाही.

टाकीचा श्वास

आता वाटेला लागू. पहिली जागा टाकीचे झाकण. ही जागा कोणी पाहत नाही. म्हणून तिची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

उसाच्या भागातल्या एका गावात एका तरुण शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर घेतला. रोटाव्हेटर लावून तो रान करायला निघाला. वीस मिनिटे ट्रॅक्टर झकास चालला. मग आवाज बसला. रेस वाढवली तरी दम येईना. बंद पडला. पोराने हातपंप मारून पाहिला, पण जोर नाही. पाव तास उभा राहिला आणि पुन्हा चालू झाला. पुन्हा वीस मिनिटे चालला आणि बंद. असे तीन दिवस चालले. तालुक्याच्या एका दुकानात दाखवले. त्यांनी पंप उतरवायला सांगितला आणि बारा-पंधरा हजारांचा आकडा सांगितला. पोरगा घाबरला. त्याच्या आईने गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी पिशवीतून पान्हासुद्धा काढला नाही. ते बांधावर बसले. म्हणाले, "चालव तू. बंद पडला की सांग."

ट्रॅक्टर बंद पडला. मिस्त्री उठले आणि थेट टाकीकडे गेले. झाकण फिरवले. आतून 'फुस्स' असा आवाज झाला. झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा होता.

"हे कोणी घातलं रे?"

"मीच घातलं, काका. झाकण ढिलं झालंय. डिझेल हिंदकळून सांडत होतं."

"अरे बाबा, टाकीचा श्वास कोंडलास की तू! काढ ते. आता मार सेल्फ."

ट्रॅक्टर चालू झाला. संध्याकाळपर्यंत चालला.

यात जादू नाही. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आपण एकच भोक पाडून उपडा केला तर तेल अडत अडत येते. म्हणून आपण दुसरे भोक पाडतो. एका भोकाने तेल बाहेर येते, दुसऱ्याने हवा आत जाते. टाकीचेही तसेच आहे. डिझेल जेवढे बाहेर जाते तेवढी हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले किंवा खाली पिशवी घातली तर हवा आत येत नाही. टाकीत पोकळी होते आणि ती डिझेलला मागे ओढून धरते. ट्रॅक्टर उभा राहिला की कोठून तरी थोडी हवा शिरते, म्हणून तो पुन्हा चालू होतो.

तेव्हा ट्रॅक्टर असा थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर झाकण ढिले करून चालवून पाहा. नीट चालला तर दोष सापडला. झाकणाचे भोक बारीक तारेने साफ करा. झाकण ढिले असेल तर त्याचे रबर बदला. पिशवी, चिंधी, बोळा काही घालू नका.

टाकीपासून फिल्टरपर्यंत

झाकण ठीक आहे. आता फीड पंपाला येणारी नळी तिथे सोडवा. खाली भांडे धरा. कॉक उघडा. टाकी फीड पंपापेक्षा उंच असेल तर डिझेल आपोआप आले पाहिजे. पेन्सिलीएवढी अखंड धार आली तर इथपर्यंत वाट मोकळी. ठिबकत आले तर मागे काही तरी अडले आहे. टाकीच्या तोंडाची जाळी, कॉक किंवा नळी. टाकीत पानाचा तुकडा, गोणपाटाचा धागा, गंजाचे पापुद्रे, काहीही सापडते. तो कचरा तोंडावर येऊन बसतो, आणि ट्रॅक्टर उभा राहिला की बाजूला सरकतो. नळीतून मागच्या बाजूला सायकलच्या पंपाने हवा मारा. नाहीच जमले तर टाकी उतरवून धुवा.

तोंडाने डिझेल ओढू नका. हे आम्ही पुन्हा सांगतो. तोंडाने ओढू नका. घोट छातीत गेला तर फुप्फुसे सुजतात आणि माणूस दगावतोसुद्धा. कोणाच्या पोटात डिझेल गेले तर त्याला ओकायला लावू नका. लगेच दवाखान्यात न्या. आणि हे काम चालू असताना जवळ बिडी नको.

काचेची वाटी पाहा. तळाशी काही वेगळे दिसते का? पाणी डिझेलपेक्षा जड असते. ते खाली बसते. मध्ये रेषा दिसते. वाटी नसेल तर फिल्टरच्या बुडाचा बोल्ट सोडून थोडे डिझेल काचेच्या ग्लासात घ्या आणि पाच मिनिटे ठेवा. पाणी असेल तर दिसेलच. पाणी निघाले तर फिल्टर काढून पुसून भागत नाही. टाकीच्या बुडाचा बोल्टही सोडा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडून द्या. हे सकाळी, ट्रॅक्टर हलवण्याआधी करावे. रात्रभरात पाणी तळाशी बसलेले असते.

फिल्टर तुंबला तर ट्रॅक्टर चालू होतो, रस्त्यावर मोकळा पळतो, पण नांगर लावला की दम तोडतो. मोकळ्याला डिझेल थोडे लागते, ओझ्याला जास्त. तुंबलेल्या फिल्टरमधून जास्त येत नाही. कागदी फिल्टर धुवून पुन्हा घालायची आपल्याकडे फार सवय आहे. हे करू नका. धुतल्यावर कागद फाटतो किंवा त्याची छिद्रे मोठी होतात. मग बारीक कचरा सरळ मोठ्या पंपात जातो. फिल्टरला काहीशे रुपये लागतात. पंपाला हजारो. कापडी फिल्टर असेल तर तो धुता येतो, पण स्वच्छ डिझेलमध्येच. किती तासांनी बदलायचा ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेले असते. पुस्तक हरवले असेल तर त्याच जातीच्या ट्रॅक्टरवाल्याकडचे पाहा. तुम्हाला आता वाचता येते.

हवा काढणे

फिल्टर बदलला, नळी सोडवली, टाकी रिकामी झाली, की वाटेत हवा शिरते. ती काढावी लागते. त्याशिवाय ट्रॅक्टर चालू होत नाही.

आधी टाकी निम्म्यावर भरा. सगळे बोल्ट बाहेरून पुसा. नाही तर हवा काढताना माती आत जाईल. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा बोल्ट असतो. तो दोन आटे सैल करा. काढू नका. हातपंप मारा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. मारत राहा. फेस जाऊन डिझेलची अखंड धार आली की हातपंप मारता मारताच बोल्ट आवळा. आधी हात थांबवून मग आवळला तर हवा पुन्हा आत जाते. एकाने हातपंप मारावा आणि दुसऱ्याने पान्हा धरावा, म्हणजे सोपे पडते.

हातपंपाची दांडी कधी कधी सैल लागते, दाबच येत नाही. लगेच तो बिघडला असे समजू नका. आतला उंचवटा अडून धरत असेल. इंजिन थोडे फिरवा आणि पुन्हा मारून पाहा.

मग दुसरा फिल्टर. मग मोठ्या पंपावरचा बोल्ट. क्रम सोडू नका. पाटाचे पाणी वरून खाली येते, तशी हवाही वरून खाली काढायची. इथपर्यंत करून सेल्फ मारला की पुष्कळ ट्रॅक्टर चालू होतात.

नाही झाला, तर भारी दाबाच्या नळ्यांत हवा आहे. नोझलजवळचे नट एक-एक आटा सैल करा. रेस पूर्ण ओढा. एकाने सेल्फ मारावा. नटाजवळ आधी फेस येतो, मग डिझेल उसळ्या मारते. उसळ्या आल्या की नट आवळा. बहुधा दोन नळ्या आवळेपर्यंत इंजिन धडधडू लागते.

येथे एक धोका नीट समजून घ्या. भारी दाबाच्या नळीतून किंवा नोझलमधून निघालेला बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. सुई टोचल्याएवढीच खूण दिसते. सुरुवातीला दुखतही नाही. माणूस हात पुसतो आणि कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजते, काळे पडते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. म्हणून गळती शोधायला हात फिरवू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. डोळ्यांवर चष्मा लावा. टोचल्यासारखे झालेच तर दुखायची वाट पाहू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा, "डिझेल दाबाने कातडीखाली गेलं आहे." हे शब्द सांगा. नाही तर साधी जखम समजून पट्टी बांधली जाते.

आज हवा काढली आणि उद्या पुन्हा धरली, तर हवा कोठून तरी रोज शिरते आहे. ती जागा शोधायला पाहिजे. बहुतेक करून ती टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये असते. गंमत अशी की, ट्रॅक्टर चालू असताना तिथून डिझेल गळत नाही. फीड पंप तिथे ओढत असतो, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. भोक कोरडे दिसते आणि आपण फसतो. टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर ठीक चालतो आणि टाकी खाली गेली की त्रास देतो, ही त्याची खूण. रबरी नळी वाकवून पाहा. भेगा दिसतील. प्रत्येक जोडावर ग्रीस थापा आणि चालवून पाहा. ग्रीस लावल्यावर त्रास थांबला तर दोष त्याच जोडात. बाहेरचे ग्रीस मात्र जोड उघडण्याआधी पुसून घ्या.

जोडांत तांब्याचे वायसर असतात. वायसर जुने झाले की कडक होते आणि नीट बसत नाही. नवे घाला. शेतात नवे मिळत नसेल तर म्हातारे मिस्त्री एक युक्ती करतात. वायसर विस्तवात लाल करतात आणि पाण्यात टाकतात. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. हा विस्तव ट्रॅक्टरपासून आणि डिझेलपासून लांब पाहिजे, हे सांगायला नको. सुतळी, साबण, सुती दोरा गुंडाळून जोड बसवू नका. त्याचे धागे पुढे जातात. आणि जोर लावून आवळू नका. आटे गेले तर दोन रुपयांचे काम दोन हजारांचे होते.

कोठे थांबायचे?

इंजिन चालू आहे, पण एका सिलिंडरचा आवाज कमी वाटतो. कोणत्या? इंजिन मंद चालू ठेवा. नोझलजवळच्या नटावर फडके टाका आणि पान्ह्याने अर्धा आटा सैल करा. हात लांब ठेवा. इंजिनाचा आवाज बसला तर तो सिलिंडर चांगला. नट आवळा आणि पुढच्याकडे जा. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचे नोझल काढून तालुक्याच्या पंपवाल्याकडे न्या. दोन्ही तोंडांना स्वच्छ प्लॅस्टिकची टोपी घाला. खिशात टाकून नेऊ नका.

नोझल आणि मोठा पंप घरी उघडायचा नाही. मोठ्या पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याचे घर यांच्यात माणसाच्या केसाच्या विसाव्या भागाएवढीसुद्धा फट नसते. आपल्या अंगणातल्या धुळीचा एक कण तिथे डोंगराएवढा होतो. हे काम यंत्रावर, मोजून करायचे. पंपवाल्याला म्हणावे, "दादा, जुन्या नोझलचा फवारा मशीनवर दाखवा. मग नव्याचाही दाखवा." चांगला दुकानदार खुशीने दाखवतो. काढलेले जुने सामान परत मागून घ्या.

आणखी एका खुणेला मात्र लगेच थांबा. इंजिनाचे ऑइल काठीवर आपोआप वाढलेले दिसते आणि त्याला डिझेलचा वास येतो. म्हणजे फीड पंपाचा पडदा फाटून, नाही तर मोठ्या पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. असे पातळ ऑइल घेऊन इंजिन चालवले तर बेअरिंग जातात. ट्रॅक्टर हलवू नका. मिस्त्रीलाच जागेवर बोलवा.

ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून हवेच्या नळीशी पेटता बोळा धरणारे, पेट्रोल शिंपडणारे लोकही असतात. त्याने हात भाजतो, दट्ट्या फुटतो. डिझेल पोचत नसेल तर त्याने उपयोगही होत नाही.

ड्रम कसा ठेवावा?

पाणी आणि घाण टाकीत येते कोठून? पुष्कळदा आपल्याच ड्रममधून. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा ड्रम तापतो आणि आतली हवा बाहेर जाते. रात्री गार होतो आणि बुचाच्या कडेने बाहेरची हवा आत ओढतो. बुचावर पाणी असेल तर पाणीही ओढतो. म्हणून ड्रम छपराखाली ठेवा. तशी सोय नसेल तर एका बाजूला वीट घालून ड्रम कलता करा. साचलेले पाणी दोन्ही बुचांपर्यंत पोचणार नाही, अशा बेताने तो फिरवून ठेवा.

जस्ती बादलीत किंवा जस्ती डब्यात डिझेल साठवू नका. डिझेल जस्ताला धरते आणि त्याचा गाळ फिल्टरमध्ये येतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅनही नको. ड्रम आणल्यावर एक दिवस न हलवता राहू द्या, मग वरचे डिझेल काढा. तळाचे चार बोटे डिझेल टाकीत ओतू नका. ते वेगळे काढून ठेवा, नांगराचे फाळ पुसायला चालते.

टाकी भरायची ती संध्याकाळी, काम संपल्यावर. रिकाम्या टाकीत रात्री गारव्याने आतून दव धरते आणि ते पाणी तळाशी उतरते. टाकी भरलेली असली की दवाला जागाच उरत नाही.